विलासचे धडे आणि बिरूचा चहा

विलास, आबा बोलले.

तुझ्या दहाव्याला, मोरणेच्या काठावर, सगळ्या भावकीसमोर बोलले. बायकांनी नदीवर यायचं नसतं असं काहीजण म्हणाले, पण मी गेले होते. पिंड मांडले होते आणि कावळा शिवत नव्हता. ऊन चढत चाललं होतं. कुणी म्हणालं, लग्नाची इच्छा राहिली असंल. मामांनी हात जोडून सांगितलं की तुझी बहीण आईला अंतर देणार नाही. तरी कावळे बाभळीवरून हलेनात. तेवढ्यात मागून कुणीतरी हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणालं, त्याची इच्छा कसली असणार, पुडीचीच असणार. एकदोघं हसले.

आबा खाली बसले होते. गुडघ्यावर हात टेकून उठले, टोपी सारखी केली आणि फौजेतल्यासारखे ताठ उभे राहिले.

"माझा पोरगा हार्टनं गेला," ते म्हणाले. "पावडर त्यानं कवाच सोडली हुती. दवाखान्याचं औषध घ्यायचा, ते मरंपतूर घेतलं. मी साखरंची गोळी घेतो, तुमच्यातली निम्मी घेत्यात. मग आपुन समदी नशाबाज हाय का? ज्याला काय इचारायचंय त्यानं मला हितं इचारावं. माघारी बोलू नये."

हसणारे मागच्या मागं सरकले. थोड्या वेळानं कावळा शिवला. आबा बोलले म्हणून शिवला असं मी म्हणणार नाही. मी विज्ञान शिकवते, आणि असल्या गोष्टींवरून आपलं किती वाजायचं हे तुला माहीत आहे. पण 'माझा पोरगा' हे दोन शब्द मी माझ्या कानांनी ऐकले. गोव्याहून तू परत आलास तेव्हापासून ते तुला 'त्यो' म्हणायचे. त्यो आला का, त्यो जेवला का. तुला ते ऐकायला मिळालं नाही, म्हणून आधी तेवढं सांगून टाकलं.

घरी आल्यावर आबा गोठ्यात जाऊन बसले आणि अंधार पडेपर्यंत बाहेर आले नाहीत. आईनं त्यांना हाक मारली नाही. मीही नाही.

आता तुझ्याशी बोलायला मला सवड आहे. तुझे दाजी सांगलीला गेलेत, मी आईजवळ राहिले आहे. तुझ्या मोटार-वाइंडिंगच्या दुकानापुढून जाताना वार्निशचा वास अजून येतो. आत तीन-चार जणांच्या पंपाच्या मोटारी उघड्या पडल्यात, तारेची वेटोळी तशीच. लोक येतात, दाराशी उभे राहतात आणि मोटार मागायची सोडून तुझंच काहीतरी बोलून जातात. विलासनं भरलेली मोटार पुन्हा जळत न्हाई, असं परवा एक म्हातारा म्हणाला. मी म्हटलं, जळायची की, पण तो पुन्हा भरून द्यायचा.

तू सांगलीला माझ्या दारात आलास तो दिवस मला लख्ख आठवतो. गोव्यात हॉटेलात एसी आणि जनरेटर सांभाळायला गेलेला माझा भाऊ, दंडानं भरलेला, बोलका. आणि दारात उभा होता तो कुणी वेगळाच. तू काही लपवलं नाहीस. रात्रभर चालणाऱ्या पार्ट्यांत जागं राहायला कोकेन, म्हणजे तुमच्या भाषेत पावडर, आणि ते चढलं की उतरवायला ब्राऊन शुगर, असं दोन्ही बाजूंनी तुला धरलं होतं. आबांनी तुला वाड्यावस्तीवरच्या एका बाबाकडं नेलं होतं, त्यानं दोरा बांधला. नंतर चुलत्यानं कुठल्याशा आश्रमात ठेवलं, तिथं त्यांनी मारलं. तुझ्या पाठीवरचे वळ मी बघितले आणि तुला आत घेतलं. तेव्हा तू म्हणालास की आक्का, मला पुन्हा कुठं पाठवू नको. मी म्हटलं, पाठवणार आहे, पण दवाखान्यात, आणि रात्री झोपायला इथंच यायचं.

सांगलीच्या व्यसनमुक्ती केंद्रात मेथाडोन, म्हणजे ब्राऊनच्या जागी देतात ते औषध, सुरू झालं. रोज सकाळी रांगेत उभं राहायचं, सिस्टरच्या समोर ते गोडसर औषध प्यायचं, दोन शब्द बोलून दाखवायचं म्हणजे तोंडात धरलं नाही हे कळतं, आणि घरी यायचं. महिन्या-दीड महिन्यात तुझे हात थरथरायचे थांबले. तू जेवायला लागलास. शेजारच्यांचा मिक्सर दुरुस्त केलास. मला वाटलं, सुटलो. पण तूच मला समजावलंस की मेथाडोननं ब्राऊनची ओढ जाते, पावडरीची जात नाही. तिला औषध नाही. एका दाराला कुलूप लागलं होतं आणि दुसरं सताड उघडं होतं. अधूनमधून तू त्या दारानं जात होतास, आणि लघवीच्या तपासणीत ते दिसत होतं.

त्याच सुमाराला पुण्याहून अनघा मॅडम आल्या. मानसशास्त्रातल्या. रांगेतल्या सगळ्यांना बसवून त्यांनी सांगितलं की संगणकावर करायचे काही धडे तयार केलेत, पावडर कशी टाळायची याचे. मेथाडोनवर असलेल्या माणसांना त्याचा उपयोग होतो का हे बघायचंय. तयार होतील त्यांच्यातल्या निम्म्यांना नेहमीचं औषध आणि नेहमीचा समुपदेशक, आणि निम्म्यांना हे सगळं मिळून वर संगणक. कुणाला काय ते चिठ्ठीनं ठरणार, मॅडमसुद्धा ठरवणार नाहीत. नको असेल त्यानं नको म्हणावं, औषध बंद होणार नाही.

तू हात वर करून विचारलंस की ह्यानं सुटतं का. त्या म्हणाल्या, "मला माहीत नाही. माहीत असतं तर चिठ्ठ्या कशाला टाकल्या असत्या?"

ते सांगताना तुझा चेहरा काय झाला होता! भाकरी हातात तशीच धरून तू म्हणालास, "आक्का, आजवर जो भेटला त्याला समदं माहीत हुतं. बाबाला माहीत, आश्रमवाल्याला माहीत, आबांना माहीत. ही पयली बाई माहीत न्हाई म्हणाली. मी सही करून आलो."

चिठ्ठीत तुला संगणक आला. तुझ्या शेजारी रांगेत उभा राहणाऱ्या बिरूला आला नाही.

बिरू जत तालुक्यातला. घरी मेंढरं, तो मात्र ट्रकवर. सांगलीच्या मार्केट यार्डातून हळद भरायची आणि मुंबईला टाकायची. रस्त्यावर डोळा लागू नये म्हणून पावडर, कारखान्यात बनते ती स्वस्तातली. मग झोप येईना म्हणून ब्राऊन. तुझीच गोष्ट, फक्त हॉटेलाऐवजी हमरस्ता. रोजच्या औषधासाठी आता तो जवळच्याच फेऱ्या घ्यायचा. तू त्याला पहिल्यांदा घरी आणलंस तेव्हा तो उंबऱ्याबाहेर चपला काढून तिथंच बसला होता. आत ये म्हटलं तर म्हणाला, ऱ्हाऊ द्या वैनी, आमी हितं बरं हाय. मी म्हटलं, मी वैनी नाही, आक्का आहे. मग आत आला.

धड्यांची सुरुवात तुला मुळीच पटली नाही. दवाखान्यातल्या छोट्या खोलीत कानाला हेडफोन लावून बसायचं, पडद्यावर एक तरुण यायचा आणि अगदी शुद्ध मराठीत सांगायचा की त्याला मोहाचा क्षण कसा ओळखायचा हे उमगले आहे. तू घरी येऊन त्याची नक्कल करायचास. दाजींना म्हणालास, दाजी, मला भुकेचा क्षण उमगला आहे, वाढा. आम्ही हसलो. पण तू जात राहिलास. आठवड्यातून दोनदा, ठरल्या वेळी. माणूस असता तर त्याला मी फसवलं असतं, तू म्हणायचास, ह्या पेटीला फसवून काय मिळणार?

आणि मग तो 'नको' म्हणायचा धडा. घरी सराव करायचा होता: कुणीतरी आग्रह करणारा मित्र व्हायचं, आणि तू नको म्हणायचं. स्वयंपाकघरात मी मित्र झाले. पावडर पुढं करणाऱ्या तुझ्या गोव्यातल्या दोस्तासारखं, सुदेशसारखं, बोलायचं होतं. मला काय, नववीच्या वर्गाला वीस वर्षं शिकवतेय, सगळ्या सबबी आणि सगळे आग्रह तोंडपाठ. एकदाच रे. कुणाला कळणार आहे? एवढे दिवस सोडलंस, एकदा बक्षीस म्हणून घे. तू म्हणालास की डॉक्टरांनी नको सांगितलंय. मी म्हटलं, डॉक्टर इथं आहे का? तू म्हणालास, तपासणीत सापडेल. मी म्हटलं, तपासणी परवा आहे, तोवर जातंय. तू उठून माठातलं पाणी प्यायलास. मग म्हणालास, "आक्का, तू मास्तरीण कशाला झालीस? त्या धंद्यात लय पुढं गेली असतीस."

त्या दिवशी तुला धड्यातलं खरं कळलं. कारण दिलं की समोरचा कारण खोडतो. म्हणून कारण द्यायचंच नाही. नको, मी सोडलंय, मला पुन्हा विचारू नको, एवढं म्हणायचं आणि पाय उचलायचे. आपण ते इतक्यांदा केलं की एकदा मी तुला आणखी एक भाकरी घे म्हटलं, तर तू ताटावर हात धरून तेच तीन तुकडे म्हटलेस आणि उठून गेलास.

सगळं सरळ गेलं असं कुणाला वाटू नये. मधेच एकदा आबांशी फोनवर तुझं वाजलं आणि तू संध्याकाळी मिरजेला गेलास आणि पावडर घेऊनच परतलास. दुसऱ्या दिवशी मला वाटलं, आता हा केंद्रात तोंड दाखवणार नाही. तू गेलास. तपासणीत दिसलं. मॅडमनी नोंद केली, आणि पुढचा धडा सुरू करायला सांगितलं. त्या रागावल्या नाहीत याचाच तुला राग आला होता. पण तो पुढचा धडा नेमका त्याच्यावरच होता: माणूस एकदम घसरत नाही, बारक्या बारक्या निर्णयांनी तिथवर जातो. तू घरी येऊन कागद न घेता, टेबलावर बोटानं रेघा ओढत मला समजावून सांगितलंस. "मोटार एका दमात जळत न्हाई, आक्का. आधी बेअरिंग वाजतं. मग अंग तापतं. मग वास येतो. तवा बंद केली तर वाचती. काल मी आबांवर चिडलो, ते बेअरिंग. जेवलो न्हाई, ते तापणं. सहज मिरजंला जाऊन येतो म्हटलं, तो वास. मला वास आला हुता बघ. मी चालू ठेवली."

मी शिक्षिका आहे, पण इतकं नीट मला कुणाला शिकवता आलेलं नाही. हे मी तेव्हा तुला म्हणाले नाही. म्हटलं, हात धू आणि जेवायला बस.

आता आपल्या भांडणाकडं येते. ते तुझ्यामाझ्यात कधी मिटलं नाही.

बिरू घसरत होता. सकाळी औषधाला यायचा, पण डोळे वेगळेच. तो तुला विचारायला लागला की त्या पेटीत काय शिकवतात, मला पण सांग की गड्या. आणि मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं की धड्यात काय आहे ते दुसऱ्या गटातल्या माणसांना सांगायचं नाही. सांगितलं तर दोन गटांत फरकच उरणार नाही, आणि संगणकाचा उपयोग झाला की नाही ते कधी कळणार नाही.

मी मॅडमच्या बाजूची होते. तुला सातवीतला प्रयोग सांगितला: दोन कुंड्या, एकीला खत घालायचं, दुसरीला नाही. कीव येऊन दुसरीलाही चिमूटभर घातलं तर प्रयोग संपला. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालास, "दुसऱ्या कुंडीतलं रोप हाक मारत न्हाई, आक्का. बिरू मारतोय."

मी म्हटलं, आज एका बिरूला सांगशील, पण उद्या हे धडे खरंच उपयोगी आहेत हे सिद्ध झालं नाही तर शंभर बिरूंना ते मिळणार नाहीत. तू म्हणालास, शंभर जण मला दिसत नाहीत, एक दिसतोय. मी म्हटलं, दिसत नाहीत म्हणूनच तर विज्ञान लागतं. असे आपण दोघं भांडत बसलो, आणि दाजी आपले दोघांचे चहाचे कप विसळत होते.

सकाळी तू सरळ मॅडमकडं गेलास आणि सगळं सांगितलंस. चोरून केलं नाहीस, याचा मला आजही अभिमान आहे. त्यांनी हातातली वही मिटली म्हणे. मग त्यांनी सांगितलं की धड्यातलं सांगू नका. त्याला जास्त त्रास होतोय असं दिसलं तर कधीही माझ्याकडं किंवा डॉक्टरांकडं घेऊन या, त्याचे उपचार थांबलेले नाहीत. अभ्यास संपल्यावर सगळ्यांना धडे मिळणार आहेत, त्यालाही मिळतील. आणि तुमच्याकडून सांगितलं गेलंच, तर मला येऊन सांगा, लपवू नका.

तू विचारलंस, "त्याच्याबरूबर चहा प्यायला मनाई हाय का?"

"चहाला कशी असेल?" त्या म्हणाल्या.

झालं. दुसऱ्या दिवसापासून औषध घेतलं की तू आणि बिरू घाटावर. पुलाजवळच्या गाड्यावर चहा, मग कृष्णेच्या पायऱ्यांवर बसायचं. त्याच दिवशी तू त्याला डॉक्टरांपुढंही उभं केलंस, त्याची मात्रा बदलली, ते बरं झालं. आणि धड्यातलं तू एक अक्षर सांगितलं नाहीस, मी खात्री देते. पण एकदा मी बाजारातून येताना घाटावर थांबले आणि तुमचं बोलणं ऐकलं. तू त्याला विचारत होतास की काल जेवलास का. कुणावर चिडलास का. आज गाडी कुठल्या रस्त्यानं नेणार, पावडर मिळती तो ढाबा लागणार का, मग दुसरीकडनं जाता येत न्हाई का. घरी आल्यावर मी म्हटलं, हा तुझा बेअरिंगचा धडाच आहे, फक्त संगणक नाही.

तू म्हणालास, "जेवलास का इचारणं हा धडा असंल, तर आई पयल्यापासनं संगणकच की."

मला हसू आलं आणि त्यामुळं मी हरल्यासारखी दिसले. पण मी हरले नव्हते. माझं म्हणणं असं की रोज सकाळी कुणीतरी शेजारी बसून आपली विचारपूस करणं हाही उपचारच आहे. तो तू दुसऱ्या गटाला देत होतास. तुझं म्हणणं असं की तो उपचार नव्हे, ती दोस्ती, आणि दोस्ती प्रयोगात धरत नाहीत. कितीतरी संध्याकाळी आपण हे घोळवलं. तू शेवटी म्हणायचास, मॅडमला इचारू. आणि मी विचारते म्हटलं की म्हणायचास, नको, इचारू नको.

त्या वर्षी नागपंचमीला तू शिराळ्याला, आपल्या घरी, गेलास. मी नको म्हणत होते, गावात ती गर्दी, ढोल, बाहेरून आलेली माणसं. तू म्हणालास, कधीतरी जायचंच आहे. आणि तिथं सुदेश आला, गोव्याचा, खरा. त्याला वाटलं असेल जुना दोस्त भेटेल. मिरवणूक चालली असताना त्यानं तुझ्या खांद्यावर हात टाकला आणि खिशाकडं खूण केली. तू मला फोनवर सांगितलंस तेव्हा मागं ढोल वाजत होते. म्हणालास, तो तुझ्यापेक्षा कच्चा हाय आक्का, तुझ्यासारखं त्याला येत न्हाई. तू तुझे तीन तुकडे म्हटलेस आणि गर्दीतून सरळ घरी चालत गेलास. घरी आबा सोप्यात बसून जेवत होते. तू त्यांच्याशेजारी बसलास.  त्यांनी तुझ्याकडं बघितलं, ताटातली अर्धी भाकरी मोडून तुझ्यापुढं सरकवली, आणि जेवत राहिले. ती भाकरी तू मला किती वेळा सांगितलीस!

अभ्यास संपल्यावर मॅडमनी सगळ्यांना बोलावलं, नातेवाइकांनाही. मी रजा टाकून आले. त्यांनी सोप्या शब्दांत सांगितलं की संगणकाच्या गटात पावडर बंद राहण्याचं प्रमाण जास्त दिसलं. फरक आहे, पण फार मोठा नाही. ज्यांनी धडे पुरे केले आणि घरी सराव केला त्यांचं जास्त बरं झालं. अभ्यास लहान आहे, पुन्हा करून बघावा लागेल. एकजण रागावून म्हणाला की एवढंच सांगायला बोलावलं का. तू उठून म्हणालास की एवढं तरी खरं सांगितलं. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत, पण मी तुझ्याकडं बघत होते. बाबाच्या दोऱ्यासाठी हात पुढं करणारा तो माणूस तिथं नव्हता.

मग बिरूला धडे मिळाले. तू त्याच्यापेक्षा जास्त उतावीळ. खोलीबाहेर बाकावर बसून राहिलास. तो दुसऱ्या-तिसऱ्या धड्यानंतर बाहेर आला आणि हसत म्हणाला, "विलासअण्णा, ह्यातलं निम्मं तर तू मला चहात पाजलंयस की."

तुझं तोंड उतरलं. तू तसाच मॅडमकडं गेलास आणि बिरू काय म्हणाला ते सांगितलंस. त्या काय म्हणाल्या ते मात्र तू मला कधी सांगितलं नाहीस. मी विचारलं की विषय बदलायचास. मी समजले, निकाल माझ्या बाजूनं लागला असणार.

त्यानंतरची वर्षं मला मोजायची नाहीत, ती चांगली होती. तू शिराळ्यात दुकान टाकलंस. मेथाडोन चालू राहिलं, आता काही दिवसांचं घरी मिळायचं. गावात कुणी टोचलं की तू चिडायचा नाहीस, मोटारीचं झाकण उघडून कामाला लागायचास. डॉक्टरांनी ईसीजी बघून सांगितलं होतं की गोव्यातल्या वर्षांनी हृदय दमवलंय, जपायला लागेल. तू गोळ्या घेत होतास, जड मोटारी एकट्यानं उचलत नव्हतास. निदान मला तरी तसं सांगत होतास.

एक गोष्ट तुला सांगायची राहिली. माझ्याकडं होतास तेव्हा तू न्हाणीघरात जरा जास्त वेळ गेलास की मी दारापाशी येऊन उगाच बादली वाजवायची, तू आत धड आहेस ना हे बघायला. तुला ते माहीत होतं, तू आतून शीळ घालायचास. तुझं दुकान झाल्यानंतर तू एकदा राहायला आलास, दुपारी अंघोळीला गेलास, आणि मी इकडं पेपर तपासत बसले. तू बाहेर आलास, केस पुसत चहा मागितलास, आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मी दारापाशी गेलेच नव्हते. भ्यायचं विसरून गेले होते. धडे, औषध, मॅडम, तुझी चिकाटी, त्या सगळ्याचं माझ्या घरी जे फळ आलं ते हे होतं. ते त्या दिवशीच तुला सांगायला हवं होतं. मी उठून आधण ठेवलं, एवढंच.

तू गेलास तो सकाळी, भर उजेडात. एका शेतकऱ्याच्या विहिरीवर मोटार बघायला गेलास, स्टार्टर उघडलास, जरा दम लागला म्हणून उसाच्या बांधावर सावलीत बसलास. त्यानं पाणी आणेपर्यंत तू कलंडला होतास. इस्लामपूरला नेईपर्यंत संपलं होतं. तुझ्या खिशात टेस्टर होता आणि शेंगदाणे होते. डॉक्टरांनी आबांना हृदयाचं सांगितलं, आणि तेच आबा नदीवर बोलले.

तेराव्याला बिरू आला, बायकोला घेऊन. आता तो ट्रक चालवत नाही, जतहून सांगलीला दुधाची गाडी आणतो, दिवसाची. यावेळी उंबऱ्याबाहेर बसला नाही. सरळ आत आला, आईच्या पायांपाशी बसला आणि रडला. मग आबांच्या शेजारी जाऊन त्यांना घाटावरचं सगळं सांगितलं. आबांना त्यातलं काहीच माहीत नव्हतं. ते मधे मधे 'व्हय का?' म्हणत होते, आणि प्रत्येक वेळी त्यांचा आवाज बारीक होत होता. शेवटी त्यांनी बिरूला दुकानाची किल्ली दाखवली आणि लोकांच्या राहिलेल्या मोटारी ज्याच्या त्याच्या घरी पोचवायला 'तुझी गाडी मिळंल का' असं त्याला विचारलं. उद्या ते दोघं जाणार आहेत.

अनघा मॅडमही आल्या होत्या. आईजवळ बसल्या, जेवल्या. जाताना मी त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेले आणि तू नको म्हणायचास ते विचारलंच. म्हटलं, विलासच्या चहानं तुमचा अभ्यास बिघडला का?

त्या गाडीपाशी थांबल्या. मग म्हणाल्या, "थोडा बिघडला. तो स्वतः येऊन सांगून गेला, म्हणून आम्हाला लिहिता आलं. रुग्ण बाहेर एकमेकांना भेटत होते, आधार देत होते, त्यामुळं दुसरा गटही सुधारला असेल आणि फरक आहे त्यापेक्षा कमी दिसला असेल, असं लेखात एक वाक्य आहे. ते त्याचं आहे. त्याचं नाव अर्थात नाही." गाडीचं दार उघडून त्या पुन्हा थांबल्या. "आता नव्यानं करतोय त्या अभ्यासात रुग्णांनी जोडीनं भेटणं आम्ही मुद्दामच ठेवलंय. त्याचाही उपयोग मोजणार आहोत."

म्हणजे मी बरोबर होते, विलास. तो उपचारच होता, आणि तू तो नको त्या गटाला दिलास. मॅडमनी तसं लिहिलंय, आता तुला नाही म्हणता येणार नाही. बिरू आत आबांशी बोलत बसला होता तेव्हा मी अंगणात उभी राहून हे मनात तुला सांगत होते, आणि तू काय म्हणशील तेही मला ठाऊक होतं, शब्दन् शब्द. भांडण मी जिंकले. मला ते तुझ्याशी म्हातारपणापर्यंत भांडायचं होतं.